नवे रिव्हॉल्व्हर : पहिली गोळी झाडण्याआधी

शेतकरी बंधूंनो, पाभर शिवारात नेण्याआधी चाड्याचे भोक आणि नळी नीट जुळली आहे ना, हे आपण पाहतोच. नळी सरकली तर बी भलतीकडे पडते. रिव्हॉल्व्हरचेही तसेच आहे, फक्त इथे सांडते ते शिसे.

चक्रातले प्रत्येक घर नळीच्या नेमके समोर येऊन अडकावे लागते. थोडे बाजूला राहिले तर गोळी नळीच्या काठाला घासते आणि शिशाचे कपचे फटीतून आडवे उडतात. फरक मोठा असला तर हत्यारच फुटते.

मळ्यात वस्ती करून राहणाऱ्या माझ्या एका परिचितांनी रीतसर परवाना काढून .३२ बोअरचे नवे रिव्हॉल्व्हर आणले. मुलगा बार काढायला उतावीळ. मी म्हटले, चहा होईपर्यंत थांब. पाच घरे ठीक निघाली. सहावे मात्र घोडा पुरता मागे आला तरी अडकेना! विक्रेत्याने आधी कुरकुर केली, मग बदलून दिले.

तपासणी अशी करा. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवा, पोरांना बाहेर पाठवा. चक्र उघडून सहाही घरांत बोट फिरवा आणि घरातल्या दुसऱ्या माणसालाही मोजू द्या. मग नळी जाड मातीच्या भिंतीकडे धरून घोडा अंगठ्याने सावकाश मागे ओढा. दुसऱ्या हाताचे बोट चक्रावर अगदी हलके टेकलेले असावे. घोडा मागे थांबेपर्यंत चक्र अडकलेच पाहिजे. आता घोडा अंगठ्याने धरून, चाप दाबून, हळूच पुढे सोडा. चाप दाबलेलाच ठेवून चक्र हलवून पाहा. केसभर हलले तर चालते, खुळखुळता कामा नये. सहाही घरांवर हे करा. एका घरावरून निकाल देऊ नका.

नळीत डोकावून पाहण्याचा मोह मात्र टाळा. परवानाधारक बंदूक-कारागिराकडे नळीच्या मापाची गज असते. ती नळीतून प्रत्येक घरात न अडखळता उतरली की जुळणी बरोबर. दोष निघाला तर घरी कानस लावू नका, पावतीसह परत न्या.

आणि हो, रानडुकरांसाठी हे हत्यार नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार परवानगीशिवाय त्यांच्यावर गोळी चालवता येत नाही.

पहिला बार अधिकृत चांदमारीच्या जागीच काढा, आणि त्या वेळी कोणालाही बाजूला उभे राहू देऊ नका.