निळ्या अंगरख्याची शाळा

इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात, हॉर्शम गावाजवळ, दुपारच्या जेवणाच्या वेळी एक अपूर्व देखावा दिसतो. पुढे शाळेचा बँड वाजत असतो आणि मागून शेकडो मुलेमुली रांगा धरून भोजनगृहाकडे जात असतात. अंगात पायघोळ निळा अंगरखा, कमरेला कातडी पट्टा आणि पायांत पिवळेधमक मोजे! एखाद्या ऐतिहासिक नाटकातील पात्रेच चालली आहेत, असे पाहणाऱ्यास वाटावे. परंतु हा त्यांचा शाळेचा नित्याचा वेष होय. शाळेचे नाव 'ख्राइस्ट्स हॉस्पिटल'. येथे हॉस्पिटल म्हणजे रुग्णालय नव्हे. पूर्वी निराश्रितांच्या आश्रयस्थानालाही हाच शब्द लावीत.

सोळाव्या शतकात लंडनच्या रस्त्यांवर अनाथ, भुकेली मुले भटकत असत. १५५२ साली बिशप रिडले यांनी प्रवचनातून गरिबांची ही दैना राजा सहावा एडवर्ड याच्या कानी घातली. राजा स्वतः अवघा चौदा वर्षांचा होता. त्याने लंडनच्या महापौरांना पत्र लिहिले, नागरिकांनी द्रव्य जमविले आणि त्याच वर्षी एका रिकाम्या मठात मुलांची सोय झाली. १५५३ च्या जूनमध्ये राजाने संस्थेला सनद दिली. जुलैत तो निवर्तला.

निळे कापड त्या काळी स्वस्त असे. ते नोकरचाकर व उमेदवार कारागीर वापरीत. तेव्हा हा अंगरखा म्हणजे दानधर्मावर वाढणाऱ्या मुलाची उघड खूणच होती.

१७८२ साली दोन मुलांनी तो अंगावर चढविला. नऊ वर्षांचा कोलरिज पितृहीन होऊन दूरच्या डेव्हनमधून आला होता. सात वर्षांच्या चार्ल्स लँबचे घर लंडनातच होते. शाळेत सकाळी पावाचा लहानसा तुकडा मिळे. लँबची वृद्ध आत्या मात्र त्याच्यासाठी घरचे गरम अन्न घेऊन येई आणि आवारातील एखाद्या दगडावर बसून डबा उघडी. भोवती उपाशी सोबती! आत्याची माया, आणलेल्या अन्नाची लाज आणि सर्वांना पुरणार नाही याचे दुःख, यांत त्या बालजीवाची ओढाताण होई. पुढे लँब थोर निबंधकार झाला. १८२० साली त्याने शाळेवर निबंध लिहिला, तो स्वतःच्या नव्हे, तर कोलरिजच्या तोंडून; आपले सुख त्याने उपाशी मित्राच्या डोळ्यांनी पाहिले! कोलरिज कवी झाला. दोघांची मैत्री १८३४ पर्यंत, म्हणजे दोघांच्याही मृत्यूपर्यंत, टिकली.

१९०२ साली शाळा लंडन सोडून हॉर्शमला आली. हर्टफर्डची मुलींची शाखाही १९८५ मध्ये तिच्यात मिळाली. आता श्रीमंत पालक पूर्ण शुल्क भरतात. ज्यांची ऐपत नाही, त्यांच्या मुलांना पुष्कळ सूट मिळते. वेष मात्र सर्वांचा सारखाच. २०१० साली तो बदलावा काय, असे विद्यार्थ्यांना विचारण्यात आले, तेव्हा फार मोठ्या बहुमताने त्यांनी जुनाच अंगरखा ठेवला. तो शाळेकडून प्रत्येकाला विनामूल्य मिळतो.