विद्युत बास गिटारमधील तारांची उंची : समायोजनाचा क्रम आणि त्यामागील कारणे

लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५१ मध्ये प्रिसिजन बास हे वाद्य बाजारात आणले. उभ्या डबल बासच्या दांडीवर पडदे नसतात. या नव्या वाद्याला पडदे, म्हणजेच फ्रेट, असल्यामुळे स्वर नेमका लागतो. त्यावरूनच त्याला हे नाव मिळाले. तथापि हा नेमकेपणा पडद्यांपासून तार किती उंचीवर आहे यावर बऱ्याच अंशी अवलंबून असतो. वादकांच्या परिभाषेत या उंचीला ‘अ‍ॅक्शन’ असे म्हणतात.

उंची अधिक असल्यास तार दाबण्यास बळ लागते आणि दाबताना ती ताणली जाऊन स्वर किंचित चढतो. उंची फार कमी असल्यास कंप पावणारी तार पुढील पडद्यांवर आपटते व खरखर निर्माण होते. तानपुऱ्यात तारेचा घोडीशी होणारा सूक्ष्म स्पर्श जवारीच्या रूपाने मुद्दाम साधला जातो. बासमध्ये असा स्पर्श बहुधा दोषच ठरतो. सर्वांत जाड तारेची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ४१ असून तिच्या आंदोलनाला अधिक जागा लागते. म्हणून ती बारीक तारेपेक्षा थोडी उंच ठेवतात.

नवशिके वादक बहुधा प्रथम ब्रिजवरील स्क्रूंना हात घालतात. वास्तविक सुरुवात दांडीपासून व्हावयास हवी. चार तारांचा एकत्रित ताण सुमारे ७० ते ८० किलोग्रॅम वजनाइतका असतो. त्यामुळे दांडी पुढे वाकू पाहते आणि तिच्या पोटातील ट्रस रॉड हा पोलादी गज त्या ओढीला विरोध करतो. दांडी अगदी सरळ असणेही इष्ट नसते. तारेच्या मध्यभागी आंदोलन मोठे असल्याने तेथे अल्पसा बाक लागतो. तार पहिल्या व शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबून आठव्या पडद्यापाशी उरणारी फट फीलर गेजने मोजतात. ती ०.३ मिलिमीटरच्या आसपास असावी. ट्रस रॉड आवळल्यास बाक कमी होतो, सैल केल्यास वाढतो. एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये व प्रत्येक वेळी तारा पुन्हा सुरात लावूनच माप घ्यावे. नट फिरत नसेल तर जोर करणे धोक्याचे असते, कारण गज तुटल्यास दुरुस्ती दांडीइतकीच महाग पडू शकते.

यानंतर ब्रिजवरील सॅडलचे स्क्रू येतात. फेंडरच्या मार्गदर्शक मापांनुसार, साडेनऊ इंच त्रिज्येची गोलाई असलेल्या दांडीवर सतराव्या पडद्यापाशी जाड तारांची उंची सुमारे २.४ व बारीक तारांची २ मिलिमीटर असावी. खरखर कोठे होते यावरून दोषाचे मूळ ओळखता येते. ती पहिल्या चार-पाच पडद्यांवर असल्यास बाक अपुरा असण्याची शक्यता असते. वरच्या पडद्यांवर असल्यास सॅडल खाली गेलेले असतात. केवळ मोकळी तार खरखरत असेल तर दांडीच्या टोकाकडील पट्टीतील खाच खोल झालेली असते. उंची बदलली की स्वरशुद्धीही बदलते. त्यामुळे सॅडल मागेपुढे सरकवून बाराव्या पडद्यावरील स्वर जुळवणे हे काम उंची निश्चित झाल्यावरच करावयाचे असते.

ही मापे प्रारंभबिंदू होत, नियम नव्हेत. १९६० च्या दशकात मोटाऊनच्या ध्वनिमुद्रणांत वाजवणारे जेम्स जेमरसन केवळ तर्जनीने तार छेडत. त्यांच्या प्रिसिजन बासवरील जाड तारा बऱ्याच उंच असत. तो भरदार नाद कमी उंचीवर मिळणे कठीण. याउलट जलद वादन करणाऱ्यास, किंवा लहान हाताच्या विद्यार्थ्यास, तीच उंची जाचक ठरेल.

लाकूड हवेतील आर्द्रतेनुसार फुगते व आकसते, त्यामुळे दांडीचा बाक कायम राहत नाही. महाविद्यालयाच्या सांस्कृतिक विभागात ठेवलेल्या वाद्याचे माप पावसाळा सुरू झाल्यावर एकदा व हिवाळ्यात पुन्हा एकदा घ्यावे, आणि तेही दांडीपासूनच.