सोन्याची हौस करा, पण बियाण्याइतकी पारख ठेवून



सोयाबीनची पट्टी हातात आली, कापसाची पहिली वेचणी विकली, की तालुक्याच्या सराफ कट्ट्यावर गर्दी होते. कुणाला लेकीच्या लग्नासाठी डोरलं घ्यायचं असतं, कुणाला सुनेसाठी ठुशी. कुणी काही कारण नसतानाही चार मणी घेऊन येतो. यात चुकीचं काही नाही. वर्षभर चिखल तुडवणाऱ्या माणसानं एक दिवस हौस करू नये, असं कोण म्हणेल?

पण माझं एक गाऱ्हाणं आहे. बियाण्याची पिशवी घेताना तुम्ही लेबल पाहता, लॉट नंबर पाहता, पक्कं बिल मागता. सोनं घेताना मात्र "शेट घरचेच आहेत" म्हणून चिठ्ठीवर भागवता. असं भागवल्यानं काय होतं, ते आमच्याच घरचं सांगतो.

१९९८ साली मी तिसरीत होतो. त्या वर्षी हळद चांगली पिकली. वडिलांनी आईला अडीच तोळ्यांची, म्हणजे २५ ग्रॅमची बोरमाळ केली. आई ती सणावारालाच घालायची, एरवी धान्याच्या कणगीत फडक्यात बांधून ठेवायची. २०१२ च्या दुष्काळात विहीर आटली. बोअर घ्यायला पैसा नव्हता, म्हणून वडील ती मोडायला निघाले. मीही बरोबर होतो. सराफानं आटवली तेव्हा आतून ६ ग्रॅम लाख निघाली. उरलं १९ ग्रॅम, तेही १८ कॅरेटचं. म्हणजे शुद्ध सोनं सव्वाचौदा ग्रॅम. पैसे मात्र २५ ग्रॅम बावीस कॅरेटचे मोजले होते, त्यात शुद्ध सोनं जवळजवळ २३ ग्रॅम भरायला हवं होतं. जुनी चिठ्ठी काढली तर तीवर एवढंच होतं : "माळ १ नग, वजन २५". ना कस, ना सही. भांडायचं कशाच्या जोरावर? वडील काही बोलले नाहीत. आई मात्र आजही म्हणते, "चौदा वर्षं लाख जपली बघ मी."

बोरमाळीचे मणी पोकळ असतात आणि त्यात लाख भरतात, ही जुनीच रीत आहे. लाख भरणं ही फसवणूक नव्हे, लाखेला सोन्याचा भाव लावणं ही फसवणूक.

घेताना काय पाहाल?

१) हॉलमार्क : १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं जिल्हे वाढवत हॉलमार्क सक्तीचा झाला. त्यात तीन खुणा असतात. पहिली भारतीय मानक ब्युरोचं त्रिकोणी चिन्ह. दुसरी शुद्धता : २२ कॅरेटला ९१६, १८ कॅरेटला ७५०. तिसरी सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक. तो प्रत्येक दागिन्याचा वेगळा असतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा दागिना या क्रमांकाशिवाय विकता येत नाही. दुकानातच भिंग मागा आणि तिन्ही खुणा पाहा. पोराच्या मोबाईलमध्ये 'बीआयएस केअर' हे ॲप घ्या आणि क्रमांक टाका. दागिना कोणता, शुद्धता किती, कोणत्या केंद्रात तपासला, हे समोर येतं. २ ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तूंना आणि अगदी लहान दुकानदारांना यातून सूट आहे. तिथं पारख तुमची तुम्हीच करायची.

२) वजन : तोळा म्हणजे किती, ते आधी ठरवा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आजच्या बाजारातला १० ग्रॅमचा. लाख, मोती, खडे, काळे मणी यांचं वजन वजा करून निव्वळ सोनं किती, ते लिहून घ्या.

३) बिल : निव्वळ वजन, कॅरेट, त्या दिवसाचा भाव, घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी वेगवेगळं लिहिलेलं पक्कं बिल घ्या. "बिल नको, तेवढे वाचवतो" असं कुणी म्हटलं तर उठून या. हॉलमार्कच्या दागिन्यात सोनं लिहिल्यापेक्षा हलकं निघालं, तर कमी पडलेल्या शुद्धतेच्या किमतीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. पण हातात बिल हवं.

४) घडणावळ : नक्षी जितकी बारीक तितकी मजुरी जास्त, आणि मोडताना ती परत मिळत नाही. अंगावर घालायचं असेल तर मजुरी द्या, ती हौसेची किंमत आहे. नुसती पुंजी करायची असेल तर साधं वळं किंवा नाणं बरं.

घरातल्या जुन्या दागिन्यांना हॉलमार्क नसला तरी घाबरू नका. ते ठेवता येतात, विकताही येतात. ब्युरोची मान्यता असलेल्या हॉलमार्किंग केंद्रात थोडी फी भरून कस तपासून घ्या, मगच मोडीचा भाव बोला.

जमिनीत सापडलं तर?

नांगराला हंडा लागल्याच्या गोष्टी गावोगाव आहेत. खरंच लागला तर काय, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो की, जमिनीत पुरलेलं १० रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं : काय सापडलं, कुठं आणि कधी. लपवलं तर हिस्सा जातो आणि वर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळवलं आणि चौकशीत धन बेवारस ठरलं, तर सापडवणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक हिस्सा मिळतो. सरकारला ते ठेवून घ्यायचं असेल, तर मालाच्या किमतीवर पाचवा हिस्सा जास्त देऊन घेता येतं. म्हणजे सांगणारा बुडत नाही. पोलीस पाटील आणि सरपंच मंडळींनी ही गोष्ट ग्रामसभेत एकदा तरी वाचून दाखवावी.

आता दुसरी बाजू. "खोदकामात सोन्याची माळ सापडली, निम्म्या भावात देतो," असं सांगत कुणी बांधावर आलं, तर लगेच पोलीस पाटलांना हाक मारा. ही टोळ्यांची जुनी चाल आहे. तपासायला दिलेले दोन मणी खरे असतात, बाकी सगळी पितळ. आणि गुप्तधन काढून देतो म्हणून पूजा मांडणारा, अघोरी प्रकार करायला लावणारा भेटला, तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्याला सहा महिने ते सात वर्षं कैदेची तरतूद आहे.

सोनं मातीतून काढणारी माणसं पाहायचीच असतील तर सराफ कट्ट्यावर पहाटे जा. झारेकरी तिथं दुकानांपुढची धूळ आणि गटारातला गाळ गोळा करून पाट्यांतून धुतात आणि कणकण सोनं वेचतात. घामाशिवाय मिळणारं सोनं मी तरी अजून पाहिलेलं नाही.

घालताना

घेतलेलं सोनं पेटीत कोंडून ठेवू नका. आपल्या दागिन्यांची नावं तरी पाहा : बोरमाळ, जोंधळी पोत, जवाचे मणी, चिंचपेटी. सगळी शिवारातली. ज्यानं पहिल्यांदा घडवली, त्यानं आपलं शेत नीट पाहिलं असणार.

लाख भरलेला दागिना चुलीच्या धगीपासून आणि गरम पाण्यापासून जपा. फवारणीला जाताना अंगठी काढून ठेवा. धान्यात पारद टिकड्या टाकत असाल, तर हातात सोनं नको, पारा लागला की ते पांढरं पडतं. खरं तर खायच्या धान्यात पारा नकोच. दरवर्षी एकदा कड्या आणि फासे तपासून घ्या.

गेल्या दिवाळीत मी आईला नवी बोरमाळ केली. जुनीपेक्षा लहान आहे, लाख किती ते बिलात वेगळं लिहिलं आहे. आईला वाचता येत नाही, म्हणून क्रमांक मोबाईलमध्ये टाकून दाखवला. तिनं विचारलं, "ह्यात सोनं किती?" मी आकडा सांगितला. मग तिनं गळ्यात घातली, आणि आता ती रोज घालते.