गळाने महसीर धरण्यास आरंभ कसा करावा

नदीकाठी ज्यांची शेते आहेत अशा आपल्या वाचकांस मासे धरण्याची कला अपरिचित नाही. जाळे व पाग यांचा उपयोग पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. परंतु काठी, दोर व गळ एवढ्याच साधनांनी, एकेका माशाचा स्वभाव ओळखून, मोठा मासा किनाऱ्यास आणण्याची विद्या आपल्याकडे थोड्यांनाच अवगत आहे. इंग्लंडात बार्बेल नावाच्या मिशाळ माशासाठी लोक नदीकाठी दिवसचे दिवस घालवितात; आयझॅक वॉल्टन याने १६५३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथातही त्या माशाचे वर्णन आहे. आपल्या नद्यांतील महसीर, ज्यास काही ठिकाणी खडशी म्हणतात, हा त्याच कुळातील, परंतु त्याहून पुष्कळ मोठा व बळकट मासा होय. कर्नल साइक्स याने १८३९ साली दख्खनच्या माशांचे वर्णन केले, तेव्हा पुण्यानजीक मुळामुठेत सापडलेल्या महसिरास त्याने खुद्री हे आपल्याकडचेच नाव शास्त्रात दिले. अशा या माशाच्या मागे लागू इच्छिणाऱ्या नवशिक्यास उपयोगी पडेल अशी माहिती येथे देण्याचे योजिले आहे.

माशाची ओळख.— महसिराचे खवले मोठे व ठळक असतात. ओठ जाड असून तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या असतात. या मिशांनी तो तळाचे अन्न चाचपडून घेतो. जबड्यात दात नसतात; ते घशात असतात, व त्यांच्या योगाने तो शिंपले, गोगलगाई व खेकडे चिरडून खातो. कच्च्या तारेचा गळही त्या दाबाने सरळ होतो. म्हणून गळ चांगल्या पोलादाचा असावा, व माशाच्या घशात बोट कधीही घालू नये. किडे, लहान मासे, शेवाळ, काठच्या झाडांवरून पडणारी उंबरे व जांभळे, हे सर्व त्याचे खाद्य आहे. ज्या काठावर उंबर उभा आहे तेथे मासा का जमतो हे यावरून ध्यानात येईल.

नदीची पाहणी.— नवशिक्याने पहिले काही दिवस गळ घरीच ठेवावा. सकाळी व सायंकाळी काठावर उंच जागी, आपली सावली पाण्यावर पडणार नाही अशा बेताने बसून, पाणी पाहावे. महसिरास खडकाळ तळ व वाहते, स्वच्छ पाणी आवडते. खळाळाचे पाणी जेथे डोहात शिरते ते तोंड, मोठ्या धोंड्याच्या मागील निवांत जागा, आणि डोह संपून पाणी पुन्हा उथळ होते ती शेपटी, या तीन जागा प्रथम हेराव्या. दुपारी तो खोल पाण्यात असतो. ऊन उतरल्यावर खाण्यासाठी खळाळाकडे येतो. मासा जवळून पाहावयाचा असल्यास महाडनजीक वाळणकोंड येथे, किंवा वैतरणेकाठी तिळसे येथे जावे. देवाचे मासे म्हणून तेथे कोणी गळ टाकीत नाही, व लोक घालतील ते खाद्य घेण्यास मासे वर येतात. तो अन्न कसे घेतो, भ्याल्यावर कसा वळतो, हे तेथे एका दिवसात समजते.

साहित्य.— आठ ते दहा फुटांची, मधोमध ताठ व शेंड्यास लवचिक अशी काठी घ्यावी. चक्रीवर सुमारे वीस पौंड ताण सोसणारा दोर निदान दीडशे मीटर असावा, कारण मोठा मासा पहिल्या धावेतच पुष्कळ दोर ओढून नेतो. शिशाच्या गोळीस भोक पाडून ती दोरावर सरकती ठेवावी व गळाच्या हातभर वर अडवावी. अशाने शिसे तळाशी राहते, परंतु आमिष उचलणाऱ्या माशास त्याचे ओझे जाणवत नाही. बार्बेल धरणारे हीच पद्धत वापरतात. गळ एकच असावा, व त्याच्या टोकाजवळील उलटा काटा पक्कडीने दाबून टाकावा. दोर ताणलेला राहिला तर अशा गळावरून मासा क्वचितच सुटतो, आणि गळ काढताना त्याचे तोंड फाटत नाही.

आमिष.— नाचणीच्या पिठाचा शिजवून घट्ट मळलेला गोळा हे कावेरीकाठचे नावाजलेले आमिष आहे व ते आपल्याकडे घरोघरी करता येते. लिंबाएवढा गोळा गळाभोवती दाबून बसवावा. गांडूळ व लहान खेकडा हीही चांगली. ज्या जागी गळ टाकावयाचा तेथे दोनतीन दिवस आधीपासून ठरावीक वेळी तेच खाद्य थोडे थोडे टाकीत गेल्यास मासा त्या जागेस सरावतो.

गळ टाकणे व मासा आणणे.— पाऊस संपून पाणी निवळले म्हणजे दिवाळीच्या सुमारास आरंभ करावा. आमिष खळाळाच्या कडेस टाकून दोर किंचित ताणून धरावा व त्यावर एक बोट ठेवावे. लहान मासे टोचू लागले म्हणजे दोर थरथरतो. तिकडे लक्ष देऊ नये. महसिराची ओढ एकदम व ठाम येते. तेव्हा काठी उंच करून दोर ताठ ठेवावा, परंतु त्याची पहिली धाव अडवू नये; अडविल्यास दोर तुटतोच. धाव थांबली की काठी वर घेत, मग खाली करताना दोर गुंडाळीत, त्यास हळूहळू आणावे. तो खडकाआड शिरू लागल्यास आपण काठावरून चालत जाऊन दोराची दिशा बदलावी. मात्र दमून उलटा पडेपर्यंत त्यास झुंजवीत ठेवू नये.

मासा परत का सोडावा.— येथे पुष्कळ वाचक विचारतील की, एवढे श्रम करून धरलेला मासा सोडून का द्यावा? याचे उत्तर त्याच्या वाढीत आहे. महसिराची मादी रोहूच्या मानाने फारच थोडी अंडी घालते. ती पावसाळ्यात वाहत्या पाण्यातील खडे-गोट्यांवर पडतात, व फुटण्यास सुमारे तीन दिवस लागतात. रोहूची अंडी एका दिवसाच्या आत फुटतात. तेवढ्या अवधीत गाळ बसला किंवा वाळू उपसली गेली तर तो वर्ग नाहीसा होतो. डोहातील एक जुनी मादी गेली तर तिची जागा भरण्यास अनेक वर्षे लागतात. बियाण्याचे कणगे फोडून खाणाऱ्या शेतकऱ्यास आपण काय म्हणतो, ते आठवावे.

लोणावळ्यास टाटांच्या वीज कंपनीच्या वळवण तलावाकाठी डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७० नंतर महसिराचे कृत्रिम प्रजनन साधले, व तेथील बीज अनेक नद्यांत सोडण्यात आले. हे कार्य मोठेच होते. परंतु त्यातून एक धडाही मिळाला. हे बीज कावेरीतही गेले, व तेथे दख्खनी महसीर वाढत असता तेथील मूळचा कुबडा महसीर उणा होत गेला. व्हॅन इंगेन याने १९४६ साली कबिनी नदीत १२० पौंडांचा महसीर गळाने धरला, त्या प्रदेशाचा हा मूळ मासा २०१८ साली अतिसंकटग्रस्त गणला गेला. एका नदीचे वाण दुसऱ्या नदीत घालताना विचार हवा, आणि आपल्या डोहातील मूळ मासा राखणे हाच सर्वांत स्वस्त व खात्रीचा उपाय होय.

म्हणून धरलेला मासा पाण्याबाहेर काढू नये. हात ओले करून, पाण्यातच गळ सोडवावा. मग दोन्ही हातांनी पोटाखाली आधार देऊन त्याचे तोंड प्रवाहाकडे धरावे. त्याच्या अंगी बळ आले की तो आपोआप निसटतो. उन्हाळ्याच्या भर दुपारी गळ टाकू नये, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो व सोडलेला मासाही जगत नाही. पावसाळ्यात, त्याच्या विणीच्या दिवसांत, गळ गुंडाळूनच ठेवावा.

सावधगिरी.— अभयारण्यांत मासेमारीस मनाई असते, व धरणांच्या जलाशयांतील हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. म्हणून आधी परवानगी घ्यावी. धरणाखालच्या पात्रात पाणी अकस्मात वाढते. खडकावर बसताना परतीची वाट पाहून ठेवावी. सांगलीकडे कृष्णेत, तसेच सावित्री व वाशिष्ठीत मगरी आहेत, तेथे पाण्यात उतरू नये.

शेवटी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. सुरुंग लावून व विष घालून मासे मारण्यास १८९७ च्या कायद्यानेच बंदी झाली, तरी हे प्रकार थांबलेले नाहीत. रामेठा व गेळफळ यांची जागा आता कीटकनाशकांनी घेतली, एवढाच फरक. सुरुंगाने एका क्षणात मोठ्या माशांबरोबर बोटाएवढी पिलेही मरतात, व डोह ओस पडतो. ज्यास त्या डोहाची माहिती नाही त्यास ही हानी दिसतही नाही. परंतु जो रोज सायंकाळी काठी घेऊन तेथे बसतो, त्यास कोणता मासा कोणत्या धोंड्याआड राहतो हे ठाऊक असते, व तो नाहीसा झाल्याचे प्रथम त्यासच कळते. गावात असे चारपाच जण झाले, तर फवारणीचा पंप नदीत धुणाऱ्यास कोणीतरी हटकील, काठचा उंबर तोडू देणार नाही, आणि रात्री सुरुंग घेऊन येणाऱ्यास गाव जागे आहे हे कळेल. नदीकाठच्या शेतकऱ्याने गळ हाती घ्यावा, तो या राखणीसाठी घ्यावा.