जंगलाची आणेवारी

असोद्याच्या एका शेतकरी वाचकाने पत्रातून एक प्रश्न विचारला आहे, आणि तो इतका नेमका आहे की चार ओळींच्या उत्तरावर त्याची बोळवण करणे अन्यायाचे ठरेल. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील बारीपाड्याचे चैत्राम पवार यांना 2025 साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा या आदिवासी पाड्याने उजाड डोंगरांवर पुन्हा अरण्य उभे केल्याचे वृत्त सर्वत्र छापून आले. ते वाचून हे गृहस्थ विचारतात की, आमच्या वावरातील ज्वारीचा उतारा ठरवायचा असला तर सरकारी माणूस टेप आणि वजनकाटा घेऊन बांधावर येतो, चौकोन आखतो, कापणी करवितो आणि पंचांच्या सह्या घेतो. मग जंगल वाढले हे कोणी मोजले आणि कशाने?

बारीपाड्याच्या कर्तृत्वाविषयी माझ्या मनात निस्सीम आदर आहे. नव्वदीच्या दशकाच्या आरंभापासून त्या गावाने सुमारे 1,100 एकर वनक्षेत्राची राखण आपल्या शिरावर घेतली, कुऱ्हाडबंदी केली, वृक्षतोडीला दंड आणि तोडणाऱ्याची वर्दी देणाऱ्यास बक्षीस असा गावचा कायदा केला, पाणी अडविले आणि स्थलांतर थोपविले. परंतु आदर हा मोजणीचा पर्याय नव्हे. बारीपाड्याचा मार्ग ज्या शेकडो गावांनी अनुसरावा असे आपल्याला वाटते, त्यांना ‘तिथे हिरवेगार झाले’ एवढे सांगून भागणार नाही. कोणत्या नियमाने काय साधले आणि कोणत्या नियमाने काहीच साधले नाही, हे त्यांना आकड्यांनिशी कळले पाहिजे.

या प्रश्नाला हल्ली मिळणारे पहिले उत्तर उपग्रहाचे असते. पानातील हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषून घेते आणि पानाच्या आतील पेशींची रचना दृश्य वर्णपटापलीकडचा अवरक्त प्रकाश परावर्तित करते. या दोहोंच्या प्रमाणावरून आकाशातून वनाच्छादन ठरविता येते. भारतीय वन सर्वेक्षण संस्था 1987 पासून याच रीतीने देशाचा वनस्थिती अहवाल प्रसिद्ध करीत आली आहे. हे साधन अमूल्य आहे, यात शंका नाही. मात्र त्याची व्याख्या ध्यानात घ्यावी: 1 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ज्या भूभागावर किमान 10 टक्के छत्र आढळते, तो सारा, मालकी कोणाची आणि झाड कोणत्या जातीचे हे न पाहता, या अहवालात वन म्हणून गणला जातो. शिवाय आपल्या खानदेशातील वने शुष्क पानझडीची. सागाने, सालईने, धावड्याने पाने टाकली की चैत्रातील डोंगर आकाशातून ओसाड दिसतो आणि तोच डोंगर आश्विनात घनदाट भासतो. म्हणून दोन वर्षांची तुलना करताना दोन्ही चित्रे एकाच ऋतूतील आहेत ना, हे प्रथम तपासावे लागते. ते तपासले तरीही घाणेरीची झुडुपे माजून खालचे गवत मेलेला डोंगर आणि अंजनाच्या कोवळ्या रोपांनी भरलेला डोंगर यांतील भेद नुसत्या हिरवेपणावरून सांगता येत नाही.

मोहाचे उदाहरण याहून बोलके आहे. मोहाचे झाड फुलांसाठी आणि टोळींसाठी कोणी तोडत नाही, त्यामुळे जुने, भव्य मोह सातपुड्यात आणि साक्रीच्या डोंगरांत दिमाखाने उभे दिसतात व उपग्रहाच्या हिशेबी सर्व क्षेमकुशल असते. परंतु फुले वेचण्याच्या सोयीसाठी झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे, आणि त्या जाळात उगवलेली रोपे करपून जातात. आजे-पणजे हयात आहेत, पण घरात पाळणा हललेला नाही, अशी त्या वृक्षकुळाची अवस्था होते. हे समजायला जमिनीवर उतरून, वाकून, रोपे मोजण्यावाचून गत्यंतर नाही.

आता त्या असोदेकर गृहस्थांच्या पत्रातील कापणीकडे वळतो. कारण प्रश्नाचे उत्तर त्यांनी प्रश्नातच नकळत देऊन ठेवले आहे, आणि त्यामागे एका मराठी शास्त्रज्ञाची जवळजवळ विस्मृतीत गेलेली कामगिरी आहे.

पूर्वी पिकाचा अंदाज नजरेने होत असे. महसूल खात्याचा अंमलदार शिवारातून फिरे आणि सोळा आण्यांपैकी यंदा पीक किती आणे, हे अनुभवाने ठरवी. ही आणेवारी, जिला पुढे पैसेवारी म्हणू लागले, सारामाफीचा आणि दुष्काळाचा आधार असल्यामुळे तिच्याभोवती संशयाचे धुके सदैव असे. 1940 च्या सुमारास दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत एक तरुण संख्याशास्त्रज्ञ रुजू झाला. सातारा जिल्ह्यातील बुध गावी 1911 साली जन्मलेले, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून लंडनला डॉक्टरेट मिळविलेले हे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. गावे, शेते आणि शेतातील कापणीचा चौकोन ही सर्व निवड कोणाच्याही मर्जीवर न सोपविता यादृच्छिक अंकांच्या तक्त्यावरून करावी, आणि त्या चौकोनातील पीक प्रत्यक्ष कापून, मळून, वजन करावे, ही पद्धत त्यांनी प्रांतोप्रांती रुजविली. आज पीकविम्याच्या तक्रारीत ज्या कापणी प्रयोगाचा उल्लेख येतो, त्याचे मूळ येथे आहे.

याच काळात कलकत्त्याला प्रशांतचंद्र महालनोबीस हे विश्वविख्यात संख्याशास्त्रज्ञ काही फूट त्रिज्येच्या लहान वर्तुळांत पीक कापून अंदाज बांधीत होते. लहान वर्तुळे स्वस्त पडतात आणि पुष्कळ घेता येतात, हा त्यांचा युक्तिवाद बिनतोड वाटावा असाच होता. सुखात्म्यांनी प्रयोगांनी दाखविले की लहान चौकोनांतून आणि वर्तुळांतून निघणारा उतारा पद्धतशीरपणे जास्त येतो. याचे कारण मला आजही विलक्षण मोहक वाटते. रेषेवर उभे असलेले ताट आत धरायचे की बाहेर, असा प्रसंग आला की मनुष्याचा हात बहुधा ते आत ओढतो. त्यात लबाडी नसते, सोडून देण्याची नैसर्गिक नाखुषी असते. आणि चौकोन जितका लहान, तितकी त्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने सीमा लांब. 5 मीटर बाजूच्या चौकोनात प्रत्येक चौरस मीटरमागे 80 सेंटिमीटर सीमा येते, 30 मीटर बाजूच्या चौकोनात ती जेमतेम 13 सेंटिमीटर भरते. सहापट सीमा म्हणजे चुकीला सहापट वाव. 1946 साली ‘नेचर’ या नियतकालिकात सुखात्म्यांनी हे मांडले. महालनोबीसांच्या लौकिकापुढे उभे राहून तिशीतल्या या मराठी माणसाने केवळ मोजमापाच्या बळावर आपले म्हणणे टिकविले. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत रोमला गेले, 1971 साली पद्मभूषण झाले, आणि नंतरच्या पोषणविषयक वादांत त्यांचे हे आरंभीचे कार्य झाकोळून गेले, याची मला मनस्वी खंत वाटते.

जंगलाला हीच शिस्त जशीच्या तशी लागू पडते. गावाच्या वनाचा नकाशा घ्यावा, त्यावर जाळे आखावे आणि चिठ्ठ्या टाकून काही चौकोन निवडावेत. पायवाटेलगतचा किंवा पाहुण्यांना दाखवायचा देखणा तुकडा निवडला, तर सारी मोजणी आरंभीच बुडाली. 30 मीटर बाजूच्या त्या चौकोनाच्या चारही कोपऱ्यांवर दगड रोवावेत, म्हणजे पुढील मोजणी त्याच जागी होईल. आत प्रत्येक झाडाचा छातीइतक्या उंचीवरचा, म्हणजे जमिनीपासून 1.37 मीटरवरचा घेर दोरीने घ्यावा, जात लिहावी, ताज्या तोडीचे बुंधे मोजावेत, आणि बियांपासून आलेली रोपे व बुंध्यांचे धुमारे वेगवेगळे नोंदवावेत. सीमेवरच्या झाडाच्या खोडाचा मध्य आत असेल तरच ते आत, हा नियम आधी वहीत लिहून ठेवावा. यातील कोणत्याही कामाला सातवीपर्यंतच्या शिक्षणापलीकडचे काही लागत नाही, आणि झाडांची ओळख तर पाड्यावरच्या आजीबाईंना वनाधिकाऱ्यांहूनही पक्की असते.

एवढ्याने मात्र निम्मेच काम होते. पाऊस चांगला झाला तर राखलेले रानही वाढते आणि न राखलेलेही. तेव्हा वाढीचे श्रेय राखणीला किती आणि पावसाला किती, हे कळण्यासाठी शेजारच्या, तशाच उताराच्या आणि तशाच मातीच्या, पण गावाच्या राखणीबाहेरच्या वनातही काही चौकोन घ्यावे लागतात. ई. सोमनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली उत्तराखंडातील वनपंचायतींविषयी प्रसिद्ध केलेला अभ्यास याचा आदर्श आहे. 1931 पासून चालत आलेल्या या पंचायतींची वने आणि त्यांना लागून असलेली सरकारी वने यांची उपग्रहचित्रांवरून तुलना करता पंचायतींची वने निकृष्ट तर नाहीतच, कदाचित थोडी सरसच आहेत, आणि त्यांवरील खर्च सुमारे एक दशांश आहे, असे निष्पन्न झाले. तुलनेचा दुसराही उपयोग आहे. आपले रान राखायचे आणि सरपण शेजारच्या गावाच्या हद्दीतून आणायचे, असे होत असेल, तर तेही याच चौकोनांत उघडे पडते.

मोजणी कोणी करावी, यावर महाराष्ट्रातच मोलाचे संशोधन झाले आहे. नागपूरच्या ऋचा घाटे आणि बंगळूरच्या हरिणी नागेंद्र यांनी 2005 साली गावाने स्वतः हाती घेतलेले, संस्थेच्या प्रेरणेने उभे राहिलेले आणि शासकीय योजनेतून आलेले, अशा तीन प्रकारच्या वनव्यवस्थापनांत देखरेखीचे स्थान काय, याचा तुलनात्मक अभ्यास मांडला. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने जगभरच्या वनांवरून जे प्रतिपादले, आणि सामायिक संपत्तीच्या विचारासाठी जिला 2009 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्याच्याशी हे जुळते: जिथे वापरणारेच नियमितपणे पाहणी करतात आणि नियमभंगाला खरोखर शासन होते, तिथे वन टिकते. सरकारी ठरावांनी याचे मर्म पुरते ओळखले नाही. केंद्राच्या 1990 च्या आणि राज्याच्या 1992 च्या निर्णयाने संयुक्त वनव्यवस्थापनाच्या समित्या गावोगाव झाल्या, पण बहुतेकांचे दप्तर वनरक्षकाकडे राहिले आणि त्यात रोपे किती लावली याचा आकडा ठळक, जगली किती याचा रकाना मात्र रिकामा. 2006 च्या वनहक्क कायद्याने चित्र पालटण्याची वाट मोकळी केली. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळाला, सातपुड्यातील अनेक गावांनाही पुढे असे हक्क मिळाले, आणि राखणीचा आराखडा करण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. आराखडा म्हणजे ठरविलेले. मोजणी म्हणजे घडलेले. दोन्ही एकाच सभेत वाचले गेले पाहिजेत. मोहाची रोपे सलग दोन मोजण्यांत आढळली नाहीत, तर पुढच्या उन्हाळ्यात पाचोळा जाळण्यास बंदी घालायची किंवा झाडाखाली जाळ्या बांधून फुले गोळा करायची, हा निर्णय त्या सभेने त्याच दिवशी घ्यावा. सुधारणा म्हणतात ती हीच.

सध्या कर्बपतीच्या, म्हणजे कार्बन क्रेडिटच्या, बाजाराचा आणि ड्रोनचा मोठा बोलबाला आहे. त्याविषयी मी साशंक आहे. ज्या आकड्यावर पैसा अवलंबून असतो, तो आकडा फुगतो, हे आणेवारीने आपल्या पूर्वजांना पुरेपूर शिकविले. आणि मोजणी बाहेरच्या कंपनीकडे गेली की गावाच्या हाती अहवालाची प्रतही उरत नाही. त्यापेक्षा बारीपाड्यात 2004 पासून भरणारी वनभाज्यांची स्पर्धा मला अधिक शास्त्रीय वाटते. बायका रानातून भाज्या आणून रांधतात, त्यांची नावे आणि गुण सांगतात. या नावांची यादी वर्षानुवर्षे, भाजी कोणत्या ओढ्याकाठी सापडली या टिपेसह, जपून ठेवली, तर जमिनीलगतच्या वनस्पतींचा इतका दीर्घ आणि विश्वसनीय रोजनामा मिळेल की तो कोणत्याही उपग्रहाकडून मिळणारा नाही.

खानदेशातील ज्या ग्रामसभांना हक्काचे कागद मिळाले आहेत पण राखण अजून सुरू झालेली नाही, त्यांना माझी आग्रहाची विनंती आहे की, पहिले चौकोन त्यांनी याच हिवाळ्यात, पाने झडण्यापूर्वी आणि पहिले रोप लावण्यापूर्वी मोजून वहीत लिहावेत. पुढची मोजणी एखादे वर्ष लांबली तरी चालेल; आरंभीची स्थिती मात्र नंतर कोणालाही मोजता येत नाही.