कालव्याकाठची घूस

युरोपात डॉरमाउस नावाचा, झुपकेदार शेपटीचा एक इवलासा कुरतडणारा प्राणी आहे. थंडीआधी तो अंगावर भरपूर चरबी चढवतो आणि खायला काही नसलेले महिने झोपून काढतो. लोणंदच्या शिवारात डॉरमाउस नाही, पण टंचाईचा प्रश्न इथल्या घुशीलाही सोडवावा लागला. तिने साठा बिळात केला आणि ती जागी राहिली. घुशीविरुद्धचा आपला बंदोबस्त वारंवार फसतो, त्याचं कारण मला तिच्या या सवयीत दिसतं. आपण तिला फक्त खादाड समजतो. ती साठेबाज आहे हे लक्षात घेत नाही.

घुशीचं बीळ उकिरावरून ओळखावं. बांधाच्या पोटाशी भुसभुशीत मातीचा ढीग दिसतो, पण भोक सापडत नाही, कारण आत शिरल्यावर ती तोंड मातीने बुजवून घेते. उकीर ताजा, ओलसर असेल तर घूस आत आहे. पावसाने बसलेला, कडक झालेला असेल तर बीळ बहुधा रिकामं. खणत गेलं की वाटा फुटतात. एका कप्प्यात पाल्याचं अंथरूण, दुसऱ्यात गव्हाच्या ओंब्या नाहीतर ज्वारीची तोडलेली कणसं. एका बिळात सहसा एकच मोठी घूस असते, फार तर आई आणि पिल्लं. तरीही हा साठा तिच्या रोजच्या भुकेच्या कितीतरी पट निघतो. कातकरी कुटुंबं पूर्वापार अशी बिळं खणून घूस आणि धान्य दोन्ही मिळवत आली. जमीन वाचण्याची ती खरी विद्या आहे आणि शेतीच्या पुस्तकांनी तिची पुरेशी कदर केलेली नाही.

लोणंदचा भाग पर्जन्यछायेतला. कोरडवाहू माळावर आजही वेगळा उंदीर भेटतो: शेपटीला गोंडा असलेला, उड्या मारत पळणारा, बिळाची तोंडं उघडी ठेवणारा. घुशीला ओल लागते, मऊ माती लागते. नीरेच्या खोऱ्यात भाटघर धरण १९२८ साली पुरं झालं, पुढे वीर धरण आलं, आणि उजव्या कालव्याच्या पाण्यावर या पट्ट्यात ऊस उभा राहिला. आडसाली ऊस दीड वर्ष शेतात असतो, म्हणजे दीड वर्ष मोडत नाही असा आडोसा. घुशीचा गर्भकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा, एका वेतात सात-आठ पिल्लं, आणि मादी तीन-चार महिन्यांत वयात येते. दाणापाणी असेल तर वीण वर्षभर चालू राहते. कालव्याने तिची टंचाई संपवली, पण टंचाईसाठी घडलेली साठ्याची सवय तशीच राहिली. बागायतीत तिचं नुकसान जास्त जाणवतं ते यामुळे.

विष आहे ना, असं कुणी म्हणेल. झिंक फॉस्फाईड झटपट मारतं, हे खरं. पण ज्या घुशीने थोडंच खाल्लं आणि जी वाचली, ती त्या आमिषाला पुन्हा तोंड लावत नाही. म्हणून आधी दोन-तीन दिवस तेल लावलेला साधा भरडा ठेवावा लागतो, आणि नेमकी हीच पायरी गाळली जाते. ब्रोमॅडिओलोन सावकाश काम करतं, त्यामुळे संशय येत नाही. मात्र अर्धमेला उंदीर खाऊन गव्हाणी घुबडही दगावू शकतं. त्याहून मोठी चूक वेळेची आहे. ओंब्या भरल्यावर चहूकडे दाणा असताना आमिषाकडे कोण येणार? गहू निघाल्यावर, उन्हाळ्यात, घूस बांधांवर, कालव्याच्या भरावात आणि उसात एकवटते. पावसाच्या आधी तेव्हाच तिची बिळं खणायला हवीत.

एकट्याने खणून उपयोग नाही, शेजारच्या उसातली घूस रिकाम्या बिळात येऊन राहते, ही हरकत मला सगळ्यात वजनदार वाटते. पण याच शिवारात पाण्याची पाळी सगळे मिळून सांभाळतात. ज्या पाटावर पाणी वाटून घेतलं जातं, त्याच पाटावरच्या शेतकऱ्यांनी एकाच आठवड्यात बांध खणले, तर घुशीला सरकायला जागा उरत नाही. बांध फुटेल ही भीती रास्त आहे. खणलेली माती लगेच चोपून बसवावी, आणि निमित्ताने बांध अरुंदही करून घ्यावा. रुंद, उंच बांधातच तिला खोल कप्पे काढता येतात.