गेटवेची किल्ली : माउसच्या टिचकीत की आज्ञेच्या ओळीत?

- प्रतिनिधी

महिनाअखेरीस टेलिफोनचे बिल हाती यावे आणि शनिवार-रविवारच्या सुट्टीत, कार्यालयाला कुलूप असताना, परदेशातील अनोळखी क्रमांकांवर शेकडो कॉल झाल्याचे त्यात आढळावे, हा प्रकार कल्पनेतला नाही. इंटरनेटद्वारे संभाषण करणाऱ्या कार्यालयांना जगभर असे फटके बसले आहेत. या साऱ्याच्या मुळाशी बहुधा कोपऱ्यात लुकलुकणारी एक पेटी असते. तिचे नाव टेलिफोन गेटवे. ही पेटी बसवणारे पुष्कळ असतात. ती सांभाळायची कशी, हे जाणणारे मात्र थोडे.

दोन जगांची वेस

नावाप्रमाणेच गेटवे हे प्रवेशद्वार आहे. त्याच्या एका बाजूला टेलिफोन कंपनीची तांब्याची तार किंवा एकाच वेळी ३० संभाषणे वाहणारी पीआरआय जोडणी असते, तर दुसऱ्या बाजूला संगणकांचे जाळे. आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेऊन गेटवे त्यांचे आकड्यांत रूपांतर करतो. सामान्यतः दर २० मिलिसेकंदांच्या आवाजाचे एक पाकीट बांधले जाते व ते जाळ्यावर सोडले जाते. 'जी ७११' या पद्धतीत मूळ आवाजाला ६४ किलोबिट लागतात आणि पाकिटांवरील पत्त्यांचा भार धरून हा आकडा एका दिशेला सुमारे ८० किलोबिटवर जातो. 'जी ७२९' पद्धतीत तोच आवाज ८ किलोबिटमध्ये दाबला जातो आणि पाकिटांसह सुमारे २४ किलोबिटमध्ये भागतो. कॉल जोडणे, घंटी वाजवणे व कॉल तोडणे या वाटाघाटी 'सिप' या भाषेत होतात. तिचे आज रूढ असलेले प्रमाणरूप जून २००२ मध्ये निश्चित झाले.

लहान गेटवेवर दोन प्रकारची छिद्रे दिसतात. 'एफएक्सएस' साध्या टेलिफोनला वीज, डायल टोन व घंटी पुरवते. 'एफएक्सओ'मध्ये टेलिफोन कंपनीकडून आलेली तार जोडायची असते. दोन्ही दिसायला सारखीच असल्याने अदलाबदल सहज होते आणि त्यात उपकरणाला इजा पोहोचू शकते.

वेब पानाची सोय

बहुतेक गेटवेंच्या पोटात एक छोटा वेब सर्व्हर असतो. ब्राउजरमध्ये उपकरणाचा पत्ता टाकला, नाव व पासवर्ड दिला की नियंत्रणाचे पान उघडते. कोणते छिद्र चालू आहे, सिप सेवेत नोंदणी झाली आहे की नाही, कोणता क्रमांक कोणत्या मार्गाने जाणार, हे सारे येथे कोष्टकांत मांडलेले असते. आयपी पत्त्याच्या जागी भलतेच काही लिहिले तर चांगले पान ते नाकारते. प्रथम मांडणी करताना किंवा एखादा विस्तार क्रमांक वाढवताना ही पद्धत निश्चितच सोयीची आहे.

मात्र तिच्या मर्यादाही आहेत. उपकरणाची प्रत्येक सोय वेब पानावर असतेच असे नाही. वीस शाखांत वीस गेटवे असतील तर तीच टिचकी वीस वेळा मारावी लागते आणि अठराव्या वेळी एखादी चौकट नजरेतून सुटते. जतन करणे व लागू करणे या दोन स्वतंत्र पायऱ्या असतात, हेही अनेकांच्या ध्यानात येत नाही. 'ॲस्टरिस्क' या मुक्त प्रणालीचा वेबमुखवटा असलेल्या 'फ्रीपीबीएक्स'मध्ये बदल जतन केल्यावर 'अप्लाय कॉन्फिग'चे बटण दाबेपर्यंत तो अमलात येत नाही.

आज्ञेची ताकद

कमांड लाइनवर चित्रे नसतात, काळ्या पडद्यावर केवळ अक्षरे असतात. तेथे पोहोचण्याचे मार्ग दोन. पहिला, जाळ्यावरून 'एसएसएच'ने. फिनलंडमधील तातू य्लॉनेन यांनी १९९५ मध्ये निर्माण केलेली ही पद्धत सारा संवाद सांकेतिक करून पाठवते. तिच्याआधीचे 'टेलनेट' पासवर्डही उघडाच पाठवत असे. दुसरा मार्ग थेट कन्सोल केबलचा. जाळे बंद पडून वेब पान उघडेनासे झाले, तरी हा मार्ग शिल्लक राहतो.

बिघाड शोधताना आज्ञेची खरी किंमत कळते. ॲस्टरिस्कमध्ये 'कोअर शो चॅनेल्स' ही आज्ञा दिली की त्या क्षणी चालू असलेले कॉल दिसतात. सिस्कोच्या गेटवेवर 'शो व्हॉइस पोर्ट समरी' प्रत्येक छिद्राची स्थिती सांगते. सिपचे संदेश प्रत्यक्ष वाचता येतात. ४०४ म्हणजे क्रमांक सापडला नाही, ४८६ म्हणजे पलीकडे व्यग्र, ५०३ म्हणजे सेवा अनुपलब्ध. घंटी वाजते, फोन उचलला जातो, पण आवाज एकाच बाजूचा ऐकू येतो, ही तर नित्याची तक्रार. गेटवेने पलीकडच्याला कार्यालयाचा अंतर्गत पत्ता कळवलेला असतो आणि त्या पत्त्यावर बाहेरून आवाज पोहोचूच शकत नाही, हे तिचे एक प्रमुख कारण. संदेशातील पत्ता वाचला की निदान काही मिनिटांत होते.

शिवाय आज्ञा मजकुराच्या फाइलमध्ये लिहून ठेवता येतात. तीच फाइल वीस शाखांत चालवता येते आणि कोणता बदल केव्हा झाला याची नोंदही राहते. पण येथे चुकीला क्षमा नाही. व्यग्र गेटवेवर सर्व संदेश दाखवणारी 'डीबग' आज्ञा बेफिकिरीने दिली तर यंत्रच मंदावते. सिस्कोच्या उपकरणात चालू मांडणी व कायमची मांडणी वेगळ्या असतात. बदल कायमच्या मांडणीत उतरवला नाही, तर वीज गेल्यावर तो पुसला जातो. जाणकार तंत्रज्ञ याच गुणाचा उपयोग करून घेतात. दूरच्या गेटवेवर जोखमीचा बदल करण्यापूर्वी ते 'रीलोड इन १०' अशी आज्ञा देतात. बदलामुळे संपर्क तुटलाच, तर दहा मिनिटांनी यंत्र जुन्या मांडणीसह पुन्हा सुरू होते. सारे सुरळीत झाले तर आज्ञा रद्द करून बदल जतन करायचा.

दोन्ही मार्ग एकाच वेळी वापरतानाही सावधगिरी हवी. फ्रीपीबीएक्सने स्वतः तयार केलेल्या फाइलींत हाताने केलेले बदल पुढच्या वेळी वेबवरून मांडणी लागू होताच नाहीसे होतात. हाताने लिहिण्यासाठी 'कस्टम' नावाच्या वेगळ्या फाइली दिलेल्या असतात, त्याच वापराव्यात.

दार उघडे राहिले तर

अमेरिकेत न्यू जर्सी येथे २००६ मध्ये उघडकीस आलेल्या प्रकरणात इंटरनेट टेलिफोन कंपन्यांच्या यंत्रणांत शिरकाव करून १ कोटीहून अधिक मिनिटांचे कॉल परस्पर विकले गेले होते. मुख्य आरोपीला २०१० मध्ये १० वर्षांची शिक्षा झाली. कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदलणे, हे अशा शिरकावाचे जुने कारण आहे. अलीकडे, ऑगस्ट २०२५ मध्ये, फ्रीपीबीएक्सच्या वेब नियंत्रणातील गंभीर त्रुटीचा गैरवापर होत असल्याचे निष्पन्न झाले. नियंत्रणाचे पान इंटरनेटवर खुले असलेल्या यंत्रणा त्यात सापडल्या. पासवर्ड कितीही भक्कम असला, तरी पान मुळातच उघड्यावर नसणे हीच पहिली तटबंदी, हा त्याचा धडा.

म्हणून काही पथ्ये पाळावीत. नियंत्रणाचे पान व एसएसएच केवळ कार्यालयाच्या जाळ्यातून किंवा व्हीपीएनद्वारेच खुले ठेवावे. टेलनेट बंद करावे. परदेशी कॉलची गरज नसेल तर तो मार्गच तोडावा आणि गरज असेल तर देश, वेळ व एकाच वेळी होणाऱ्या कॉलची संख्या यांवर मर्यादा घालावी. प्रणाली अद्ययावत ठेवावी. मांडणीची प्रत गेटवेबाहेर जपून ठेवावी. क्रमांकांच्या नियमांत आपत्कालीन ११२ साठी थेट वाट आहे ना, हे आवर्जून पाहावे. बाहेरच्या कॉलसाठी आधी शून्य दाबण्याची सक्ती असलेल्या ठिकाणी घाबरलेला माणूस ते शून्य विसरतो. तांब्याच्या जुन्या टेलिफोनला एक्स्चेंजकडून वीज मिळते, गेटवेला मात्र यूपीएस लागतो, हेही विसरू नये.

आपल्याकडे १ एप्रिल २००२ पासून मर्यादित स्वरूपात इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली व पुढे ती शिथिल होत गेली. तथापि, परदेशातून इंटरनेटवर आलेले कॉल परवान्याविना स्थानिक क्रमांकांवर वळवणे हा आजही गुन्हाच आहे. आपल्या गेटवेचा ताबा दुसऱ्याच्या हाती गेला, तर या व्यवहारात आपले नाव गुंतण्याचा धोका असतो.

तेव्हा वेब की आज्ञा, हा वाद फारसा अर्थपूर्ण नाही. रोजच्या देखरेखीला पान पुरेसे आहे. अडचणीच्या वेळी व अनेक ठिकाणच्या कामाला आज्ञाच उपयोगी पडते. गेटवे सांभाळणाऱ्याला दोन्ही आल्या पाहिजेत. आणि ज्या संस्थेत त्यांपैकी एकही येणारा माणूस नाही, तिने निदान आजच आपला मूळ पासवर्ड बदलावा.